अन्यायाची दाद मागणारा भूमिपुत्र : अंबरसिंग महाराज

द्वितीय वर्ष, कला

१९६० साली दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ कृष्णवर्णीय माणसे मृत्युमुखी पडली. तो इतिहास वाचताना आपले मन हळहळते. परंतु जन्मावरून माणसाला हलके लेखण्याचा हा रोग केवळ सातासमुद्रापलीकडचाच आहे काय? आपल्या शहादा तालुक्यातही त्या रोगाशी एक भिल्ल तरुण झुंजला. अंबरसिंग सुरतवंती हे त्यांचे नाव. लोक त्यांना आदराने महाराज म्हणत.

पाडळदे हे त्यांचे गाव. हा मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. तापीकाठची काळी कसदार जमीन कर्जापायी, गहाणखतापायी आदिवासींच्या हातून निसटली होती. कालचा जमीनधनी आज परक्याच्या शेतात सालदार म्हणून राबत होता. त्यातच चोरीचा आळ! एकाने कणीस मोडले तरी सारी जमात चोर ठरे. पीक संरक्षणाच्या नावाखाली हत्यारी राखणदार हिंडत आणि दंड वसूल होई. ह्या ठपक्याविरुद्ध अंबरसिंग उभे राहिले. पाड्यापाड्यांतून हिंडून त्यांनी माणसे जागी केली. अत्याचार झालेल्या आदिवासी स्त्रियांची बाजूही त्यांनी घेतली.

मे १९७१ मध्ये पाटीलवाडीचे प्रकरण घडले. धान्य लुटल्याच्या आरोपावरून आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या व त्यात आदिवासीचा बळी गेला. धान्य नेले असे क्षणभर मानले, तरी चार पायलींच्या बदल्यात जीव घेण्याचा अधिकार कोणी दिला होता? अंबरसिंगांनी हा प्रश्न तालुक्याबाहेर नेला. सर्वोदयी कार्यकर्ते आणि शहरांतील शिकलेले तरुण मदतीस धावले. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्यास भूमुक्ती परिषद भरली. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेली जमीन परत मिळावी, सालदाराला रास्त मजुरी मिळावी, ह्या मागण्यांसाठी हजारो हात एक झाले. पुढे बायकांनी दारूचे अड्डे फोडले आणि मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला.

दुर्दैवाने काळाने ह्या नेत्याला तरुणपणीच ओढून नेले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला. त्यामागे अनेकांचे कष्ट होते, त्यांत शहाद्याच्या लढ्याचाही वाटा आहे.

मित्रहो, गेलेली जमीन कायद्याने परत मिळू शकते. पण आडनाव कळताच समोरच्याची नजर बदलते, ती कोणत्या कायद्याने बदलावी? सालदाराची मुले आज आपल्याच बाकावर बसून पदवीचे शिक्षण घेत आहेत. वहीपेन हरवले की पहिला संशय त्यांच्यावर जाऊ नये, एवढी दक्षता जरी आपण घेतली तरी अंबरसिंग महाराजांचे काम थोडे पुढे गेले असे होईल.