सेरामपूरचे विल्यम कॅरी : चिकाटीचे सामर्थ्य आणि तिची किंमत

श्रीरामपूर म्हटले की मराठी वाचकाला अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर आठवते. कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर याच नावाचे दुसरे गाव आहे. इंग्रजी उच्चारामुळे ते सेरामपूर या नावाने प्रसिद्ध झाले. १८०५ मध्ये याच गावातून मराठीचे इंग्रजीत लिहिलेले व्याकरण छापून बाहेर पडले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. या दोन्ही ग्रंथांचे कर्ते विल्यम कॅरी हे मूळचे इंग्लंडमधील एका खेड्यातील चर्मकार होते. ख्रिस्ती धर्मसेवेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र त्यांच्या अंगी असामान्य बुद्धी किंवा प्रभावी वक्तृत्व होते म्हणून ते यशस्वी झाले, असे म्हणता येत नाही. हाती घेतलेले काम न सोडणे हाच आपला एकमेव गुण, असे ते स्वतः मानत.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी येथे झाला. वडील विणकर होते, पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक झाले. चौदाव्या वर्षी विल्यम जोडे शिवण्याचे काम शिकू लागले. हे काम करता करताच त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच आणि फ्रेंच या भाषा आत्मसात केल्या. पुढे ते बाप्टिस्ट पंथाचे उपदेशक झाले, तरी मिळकत तुटपुंजी असल्याने शाळा चालवणे आणि जोडे शिवणे सुटले नाही. कार्यशाळेच्या भिंतीवर त्यांनी स्वतः तयार केलेला जगाचा नकाशा लावलेला असे. परदेशात धर्मप्रसार करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, असे प्रतिपादन करणारी पुस्तिका त्यांनी १७९२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. त्या वेळी जमलेला निधी होता १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स.

पत्नी डॉरोथी यांना भारतात यायचे नव्हते. त्या गरोदर होत्या आणि आपले गाव सोडून त्या कधी दूर गेल्या नव्हत्या. प्रवासाला विलंब झाला, दरम्यान बाळाचा जन्म झाला आणि अखेर बहीण सोबत येणार या अटीवर त्या तयार झाल्या. ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांना विरोध असल्याने जून १७९३ मध्ये हे कुटुंब डॅनिश जहाजाने निघाले आणि नोव्हेंबरमध्ये बंगालमध्ये पोहोचले. हाती पैसा नव्हता. कॅरी यांनी माल्दा परिसरात नीळ कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून नोकरी पत्करली. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने दगावला. त्या आघातानंतर डॉरोथी यांचे मानसिक संतुलन कायमचे ढळले. १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना बहुतेक काळ खोलीत बंद ठेवावे लागले. शेजारच्या खोलीत पती भाषांतर करीत असत. कॅरी यांची चिकाटी सांगताना हा भाग वगळण्याची चरित्रकारांची जुनी सवय आहे. त्या चिकाटीची किंमत सर्वाधिक कोणी मोजली, हे मात्र त्यामुळे झाकले जाते.

पहिली सात वर्षे एकाही भारतीयाने बाप्तिस्मा घेतला नाही. जानेवारी १८०० मध्ये कॅरी डॅनिश अमलाखालील सेरामपूरला आले. तेथे शिक्षक जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड आधीच पोहोचले होते. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी कृष्ण पाल या सुताराने हुगळीच्या पात्रात बाप्तिस्मा घेतला. निखळलेल्या हाताच्या उपचाराच्या निमित्ताने त्यांची मिशनशी ओळख झाली होती. हा उपचार करणारे कॅरी यांचे सहकारी डॉ. जॉन थॉमस यांनी या क्षणाची इतकी वर्षे वाट पाहिली होती की, आनंदाच्या भरात त्यांचाही तोल गेला. एका बाजूने थॉमस यांचा आरडाओरडा आणि दुसऱ्या बाजूने डॉरोथी यांच्या किंकाळ्या ऐकू येत असताना तो विधी पार पडला.

सेरामपूरची कुटुंबे एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि प्रत्येकाची मिळकत सामाईक निधीत जमा होई. १८०१ मध्ये कॅरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात दरमहा ५०० रुपये वेतनावर बंगाली आणि संस्कृत शिकवू लागले. मराठीचे अध्यापनही त्यांच्याकडे आले. पुढे प्राध्यापक झाल्यावर वेतन १,००० रुपये झाले. स्वतःच्या निर्वाहापुरती अल्प रक्कम ठेवून उरलेली सर्व ते मिशनला देत.

ऑक्टोबर १८०५ मध्ये या मंडळींनी एक करारनामा तयार केला. धर्मसेवकाच्या अंगी काय असावे, हे त्यात त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवले होते. लोकांच्या समजुती आधी जाणून घ्याव्यात, त्यांची मने दुखावतील असे वर्तन टाळावे, भारतीयांना बरोबरीने वागवावे, हे काम अखेरीस भारतीय ख्रिस्ती लोकांच्याच हातून होणार हे ओळखून त्यांना पुढे आणावे आणि अंगावरच्या कपड्यांसह कोणतीही वस्तू आपली मानू नये, असा त्याचा आशय होता. वर्षातून तीन वेळा त्याचे जाहीर वाचन करण्याचे ठरले. गुण एकदा अंगी आले की ते टिकतात, असा भाबडा विश्वास त्यांनी बाळगला नव्हता, हे विशेष.

शिकण्याची तयारी हा त्यांचा आणखी एक गुण. बंगालीसाठी रामराम बसू, संस्कृतसाठी मृत्युंजय विद्यालंकार आणि मराठीसाठी पंडित वैजनाथ यांच्याकडे कॅरी विद्यार्थ्याच्या नम्रतेने बसत. मोडी लिपीचे खिळे उपलब्ध नसल्याने मराठी व्याकरण देवनागरीत छापले गेले. कोशासाठी मात्र मोडीचे खिळे तयार झाले. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांच्या कौशल्याशिवाय यातील काहीही शक्य नव्हते.

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागदाचे साठे, अनेक लिप्यांचे खिळे, तेलुगू आणि पंजाबी व्याकरणांची हस्तलिखिते आणि कॅरी यांच्या बहुभाषी कोशाची पाने भस्मसात झाली. नुकसान सुमारे ७० हजार रुपयांचे होते. कॅरी त्या वेळी कोलकात्यात होते. परत आल्यावर राखेत फिरताना त्यांचे डोळे भरून आले. तथापि, वॉर्ड यांना ढिगाऱ्यात खिळे ओतण्याचे पोलादी ठसे शाबूत सापडले आणि छपाईयंत्रेही बचावली होती. वितळलेल्या धातूपासूनच काही आठवड्यांत नवे खिळे ओतले जाऊ लागले. बातमी इंग्लंडला पोहोचल्यावर दोन महिन्यांच्या आत नुकसान भरून निघेल एवढी मदत जमली. कॅरी यांनी नष्ट झालेली भाषांतरे पुन्हा हाती घेतली. दुसऱ्यांदा त्याच वाटेने जाताना पाऊल अधिक सहज पडते, असा विचार करून त्यांनी मनाची समजूत घातली.

त्यांच्या देखरेखीखाली बायबल सहा भारतीय भाषांत संपूर्ण आणि इतर वीसहून अधिक भाषांत अंशतः छापले गेले. यातील बरीच भाषांतरे घाईची होती आणि ती टिकली नाहीत. सेरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार निघालेला असतानाही मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनला १८२६ मध्ये स्वतंत्र भाषांतर प्रसिद्ध करावे लागले. शब्दशः निष्ठा राखण्याच्या प्रयत्नात वाक्यरचना परकी राहिली, हा आक्षेप रास्त आहे. सहकाऱ्यांच्या बाबतीतही सर्व काही सुरळीत नव्हते. इंग्लंडहून नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांशी मतभेद झाले, मालमत्तेवरून वाद चिघळला आणि १८२७ मध्ये सेरामपूर मिशन मातृसंस्थेपासून वेगळे झाले. ज्या संस्थेच्या स्थापनेत कॅरी यांचा पुढाकार होता, तिच्याशीच हा दुरावा होता.

१७९९ मध्ये कॅरी यांनी सती जाण्याचा प्रसंग प्रत्यक्ष पाहिला होता आणि तो थांबवण्याचा त्यांचा प्रयत्न निष्फळ ठरला होता. त्यानंतर त्यांनी कोलकात्याच्या आसपासच्या घटनांची मोजणी करवून घेतली. एका वर्षाचा आकडा चारशेहून अधिक भरला. राजा राममोहन राय आदींच्या प्रयत्नांनंतर ४ डिसेंबर १८२९ रोजी बंदीचा कायदा झाला आणि त्याच्या बंगाली भाषांतराचे काम कॅरी यांच्याकडे आले. कागद हाती पडला तो दिवस रविवार होता. विलंबाने आणखी जीव जातील, हे ओळखून त्यांनी प्रवचनाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवली आणि पंडितासह बसून संध्याकाळपर्यंत भाषांतर पूर्ण केले. रविवार कटाक्षाने पाळणाऱ्या माणसाने घेतलेला हा निर्णय होता.

एक्केचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नाहीत. ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे त्यांचे निधन झाले. आपल्या समाधीवर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि आपल्या असहायतेची कबुली देणाऱ्या एका भजनाच्या दोन ओळी एवढाच मजकूर असावा, असे त्यांनी मृत्युपत्रात नमूद केले होते. दुसऱ्या पत्नी शार्लोट यांच्या शेजारी दफन करावे, ही इच्छाही त्यात होती. डॉरोथी यांची कबर त्याच दफनभूमीत आहे.