दादासाहेब फाळके: कॅमेरा, कर्ज आणि घरातली फिल्म लॅब

आज पनवेलमधल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला शॉर्टफिल्म काढायची असेल, तर काय लागतं? खिशातला मोबाईल, एक एडिटिंग ॲप आणि दोन-चार मित्र. पण 1912 साली हे सगळं घरात, हाताने करावं लागत होतं. ते ज्यांनी केलं, त्या दादासाहेब फाळक्यांची ही गोष्ट. चला तर मग, जाणून घेऊया.

सिनेमाच्या आधी

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी केली, छापखाना काढला. छपाईचं नवं तंत्र बघायला ते जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटलं नाही आणि चाळिशीत हा माणूस पुन्हा रिकाम्या हाताने उभा राहिला.

याच काळात मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी येणार, हा विचार डोक्यात बसला तो बसलाच. मग रोज सिनेमे बघणं आणि रात्री जागून प्रयोग करणं सुरू झालं. डोळ्यांवर इतका ताण आला की काही दिवस दिसेनासंच झालं. उपचारांनी दृष्टी परत आली आणि गडी पुन्हा कामाला लागला!

वाटाण्याचा टाइम-लॅप्स

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून 1912 च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत परत आले.

आता पैसा कोण देणार? त्यासाठी त्यांनी एक डेमो बनवला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोड्या थोड्या फ्रेम घेतल्या. पडद्यावर बघता बघता बी रुजून त्याचा वेल झाला. आपण आज मोबाईलमध्ये जो टाइम-लॅप्स वापरतो, तो हाच. हा 'अंकुराची वाढ' बघून भांडवल देणारा माणूस तयार झाला.

घर हीच लॅब

तेव्हाच्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची. ती भोकं यंत्राने, अंधारात पाडावी लागत. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात आणि प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंनी चार-चार भोकं. एक भोक जरी चुकलं, तरी पडद्यावर चित्र थरथरणार.

हे काम सरस्वतीबाई फाळक्यांनी केलं. फिल्म धुणंही त्या शिकल्या. शिवाय दादरच्या घरात राहणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक होताच. दागिनेही याच कामी लागले.

तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, तर फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. सुमारे 3,700 फुटांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला आणि चालला. हिशोब करा, साधारण 59,000 फ्रेम!

धंद्याचं गणित

पुढे फाळके नाशिकला गेले. पण महायुद्ध सुरू झालं आणि पैसा आटला. 1917 च्या 'लंकादहन'ने मात्र गर्दी खेचली. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकात त्यांनी लेख लिहून आपला सगळा अनुभव मांडला: हा धंदा आपल्या देशात का उभा राहायला हवा आणि भांडवलाशिवाय माणसाची कशी ओढाताण होते. 'चित्रपट कसा तयार करतात' हे दाखवणारी छोटी फिल्मही त्यांनी केली. म्हणजे आजचा मेकिंग व्हिडिओच की!

1918 मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैशाची चिंता मिटली, पण मतभेद सुरू झाले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, काही वर्षांनी परतले. भागीदारी आणि ते, हे गणित छापखान्यातही जमलं नव्हतं, इथेही जमलं नाही.

1931 मध्ये 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूक म्हणून बनला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. 1937 चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला तो 1969 मध्ये, 25 वर्षांनी.

आपण काय घ्यायचं?

फाळक्यांनी पैसे मागायच्या आधी एक कुंडी आणि एक वाटाणा घेऊन काम करून दाखवलं. तुमच्या डोक्यात एखादी फिल्म असेल, तर महागड्या कॅमेऱ्याची वाट बघू नका. आधी एक मिनिटाचं काहीतरी बनवा. आणि हो, भागीदार घेणार असाल तर कोणाचं काम काय आणि पैशाचा वाटा किती, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा.