फेलिक्स मेंडेल्सन : जाळून टाकावीशी वाटलेली सिंफनी

नाताळच्या उपासनेत बेथलेहेमच्या आकाशातील दूतांचे स्तवन गाणारे चार्ल्स वेस्लीचे गीत आणि त्याची उसळती चाल देशाच्या कोणत्याही भागात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानांना अनोळखी नाही. गीत १७३९ सालचे आहे; चाल मात्र त्यानंतर एका शतकाने जन्मली. मुद्रणकलेचा जनक गुटेनबर्ग याच्या गौरवार्थ १८४० साली लाइपझिग शहरात मोठा उत्सव झाला. त्यासाठी फेलिक्स मेंडेल्सनने पुरुषांचा गायकवृंद व पितळी वाद्ये यांकरिता एक गाणे रचले, त्यातली ही सुरावट. तिला दुसरे शब्द लाभले तर ती लोकांना आवडेल असे त्याला वाटे. परंतु पवित्र शब्दांना ती कधीही शोभणार नाही, असे त्याने आपल्या इंग्रज प्रकाशकाला स्पष्ट कळविले होते. त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १८५५ मध्ये, विल्यम कमिंग्ज या इंग्रज संगीतकाराने नेमके तेच केले, आणि आज जगभरच्या मंडळ्या ती चाल आनंदाने गातात.

पवित्र संगीत कशाला म्हणावे, याविषयी हा मनुष्य असा काटेकोर होता. स्वतःच्या रचनांवरही त्याने तितक्याच कठोरपणे निकाल दिला. त्याच्या पाचही सिंफनी, ज्या क्रमाने त्या लिहिल्या गेल्या त्या क्रमाने, अलीकडे पुन्हा ऐकल्या. मन एकीकडे भरून आले, दुसरीकडे खट्टू झाले. विशेष म्हणजे ख्रिस्ती श्रोत्याने ज्या दोन सिंफनींवर सर्वांत अधिक प्रेम करावे, त्यांनीच मनाची ही ओढाताण केली.

फेलिक्सचा जन्म ३ फेब्रुवारी १८०९ रोजी हॅम्बुर्ग येथे झाला. आजोबा मोझेस मेंडेल्सन हे थोर यहूदी तत्त्वज्ञ. अखेरपर्यंत आपल्या पूर्वजांच्या धर्माशी एकनिष्ठ राहिलेले. पिता अब्राहम सधन पेढीवाले होते. १८११ मध्ये कुटुंब बर्लिनला आले, आणि १८१६ च्या मार्च महिन्यात अब्राहम व लेआ यांनी आपल्या चारही मुलांना बाप्तिस्मा देवविला. फेलिक्स तेव्हा सात वर्षांचा होता. स्वतः आईवडिलांनी १८२२ मध्ये बाप्तिस्मा घेतला व आडनावाला ‘बार्थोल्डी’ हे नाव जोडले. मेंडेल्सन हे यहूदी नाव मुलाने हळूहळू गाळून टाकावे अशी पित्याची इच्छा होती. आज्ञाधारक फेलिक्सने बापाची ही एक गोष्ट मात्र ऐकली नाही.

अब्राहमच्या निर्णयात श्रद्धेचा भाग किती आणि समाजात मानाने वावरण्याच्या इच्छेचा किती, हे ठरवणे कठीण आहे. ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे असेही नाही. मुलाची गोष्ट वेगळी. त्याने ख्रिस्ती विश्वास अंगरख्यासारखा पांघरला नव्हता. रचनेला आरंभ करताना हस्तलिखिताच्या माथ्यावर, देवाने हे कार्य सिद्धीस न्यावे अशा अर्थाची आद्याक्षरे लिहिण्याची त्याची सवय होती. ‘संत पौल’ व ‘एलीया’ या ऑरेटोरिओंसाठी त्याला पवित्र शास्त्राचेच शब्द हवे असत, आणि संहितेची निवड करताना तो आपल्या पाद्री मित्राशी पत्रांतून वाद घालीत असे.

बालपणीची प्रतिभा थक्क करणारी होती. गुरू कार्ल झेल्टर याने १८२१ मध्ये बारा वर्षांच्या फेलिक्सला वायमार येथे वृद्ध महाकवी गटेकडे नेले. त्या सुमाराच्या दोन-तीन वर्षांत मुलाने तंतुवाद्यांसाठी बारा छोट्या सिंफनी लिहिल्या. १८२४ मध्ये पूर्ण वाद्यवृंदाची पहिली सिंफनी झाली. सोळाव्या वर्षी आठ तंतुवाद्यांचे अष्टक, आणि सतराव्या वर्षी शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकावरील ओव्हर्चर. ही नांदी आजही कानावर पडली की वाटते, पऱ्यांच्या पावलांची चाहूल याहून नाजूकपणे कोणी टिपलेली नाही. याच नाटकासाठी त्याने पुढे आणखी संगीत लिहिले, ते १८४३ मध्ये पोट्सडाम येथे रंगमंचावर आले. त्यातले विवाहाचे कूच आपल्या चर्चमध्ये वधूवर वेदीपासून परतताना वाजते. नाताळची चाल त्याने उपासनेसाठी लिहिली नाही, लग्नाची तर परीकथेसाठी लिहिली, आणि चर्चने दोन्ही उचलल्या! उपासनेच्या भावनेने लिहिलेल्या सिंफनी मात्र मागे राहिल्या.

११ मार्च १८२९ हा दिवस ख्रिस्ती संगीताच्या इतिहासात कोरून ठेवावा असा आहे. बाखचे ‘मत्तयकृत शुभवर्तमानानुसार दुःखसहन’ हे महान संगीत सुमारे शंभर वर्षे जवळजवळ विस्मृतीत पडले होते. त्याची हस्तलिखित नक्कल फेलिक्सला आजीकडून भेट मिळाली होती. वीस वर्षांच्या या तरुणाने बर्लिनच्या झिंगअकादमीत ते पुन्हा उभे केले. ख्रिस्ताची भूमिका गाणारा मित्र एडुआर्ड देव्रिएंट याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, सर्वश्रेष्ठ ख्रिस्ती संगीत लोकांना परत देण्याचे काम एका नटाने व एका यहूद्याच्या मुलाने करावे, याचे फेलिक्सला त्या दिवसांत नवल वाटले होते. आपल्या जन्माविषयी तो असे उघडपणे क्वचितच बोले.

बाखच्या या सहवासातच धर्मसुधारणेच्या सिंफनीचे बीज पडले. २५ जून १५३० रोजी ल्यूथरच्या अनुयायांनी बादशहा पाचव्या चार्ल्ससमोर आउग्सबुर्गचा विश्वासांगीकार वाचला. १८३० मध्ये त्याला तीनशे वर्षे होणार होती. त्या सोहळ्यासाठी फेलिक्सने ही सिंफनी हाती घेतली. मेमध्ये ती पुरी झाली. मध्यंतरी गोवराने त्याला अंथरुणाला खिळवले, आणि सोहळा तिच्यावाचूनच पार पडला. १८३२ मध्ये पॅरिसच्या वाद्यवृंदाने ती तालमीला घेतली व फार पंडिती म्हणून बाजूला ठेवली. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला बर्लिनमध्ये त्याने स्वतः ती सादर केली. पुढे या रचनेविषयी त्याच्या मनात अशी अढी बसली की आपल्या सर्व लेखनात हीच आगीत टाकावी असे त्याला वाटू लागले. छापून तर त्याने ती दिलीच नाही. त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १८६८ मध्ये, ती पाचवी सिंफनी म्हणून प्रसिद्ध झाली. हा क्रमांक मोठा फसवा आहे. श्रोत्याला वाटते, ही परिपक्व वयाची अखेरची रचना. वस्तुतः ती एकविशीतल्या तरुणाची दुसरी सिंफनी होय.

त्याचा निकाल बरोबर होता का? पहिल्या भागाच्या आरंभी, गंभीर घोषणांनंतर, तंतुवाद्ये अगदी हळू आवाजात ‘ड्रेस्डेन आमेन’ची चढती सुरावट वाजवतात. सॅक्सनीच्या चर्चमध्ये गायली जाणारी ही आमेनची चाल पुढे वाग्नरने ‘पार्सिफाल’मध्ये वापरली. त्या क्षणी श्वास रोखला जातो. नंतर झुंज सुरू होते, ती ऐन भरात असताना तेच आमेन पुन्हा येते, जणू रणधुमाळीत कोणी प्रार्थनेला थांबले आहे. तिसरा भाग लहानसा, विलापासारखा. त्यात शब्द नाहीत, तरी एक माणूस बोलत असल्याचा भास होतो. येथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. शेवटच्या भागात एकटी बासरी ल्यूथरचे गीत सुरू करते, स्तोत्र ४६ वर आधारलेले, देवाला बळकट दुर्ग म्हणणारे. तोही आरंभ सुंदर आहे. पण मग वाद्यांची संख्या वाढते, काउंटरपॉइंटची वीण घट्ट होते, आणि शेवटी सारा वाद्यवृंद ते गीत गर्जून सांगतो. ल्यूथरच्या गीतात शत्रूची जी जाणीव आहे, ती या गर्जनेत सापडत नाही. लढाई कोठे जिंकली गेली हे कळण्याआधीच विजयाचे तोरण लागते. वयाने लहान असताना मला हाच भाग सर्वांत आवडे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

याउलट १८२९ च्या उन्हाळ्यातील स्कॉटलंडचा प्रवास पाहा. एडिनबरोच्या होलीरूड राजवाड्याशेजारी छप्पर कोसळलेले जुने प्रार्थनामंदिर आहे; त्या काळी त्यात गवत व वेली माजलेल्या होत्या. तेथे संध्याकाळच्या प्रकाशात आपल्या स्कॉटिश सिंफनीचा आरंभ सापडला, असे त्याने घरी कळविले. ती पूर्ण व्हायला १८४२ साल उजाडले. आठवडाभरातच हेब्रिडीज बेटांकडे जाताना समुद्राच्या दर्शनाने दुसरी एक सुरावट सुचली. तिच्यातून झालेली ओव्हर्चरही त्याने पुनःपुन्हा सुधारली, कारण मधल्या भागाला खारे मासे व समुद्रपक्षी यांच्याऐवजी काउंटरपॉइंटचाच वास येतो अशी त्याची तक्रार होती. इटालियन सिंफनी १८३३ मध्ये लंडनला गाजली. तिच्यावरही तो समाधानी नव्हता, आणि तीही त्याच्या हयातीत छापली गेली नाही. तिच्या दुसऱ्या भागातील संथ, पावलापावलाने चालणारी सुरावट यात्रेकरूंच्या मिरवणुकीची आठवण देते. या भागाला कोणत्याही विश्वासांगीकाराचे नाव नाही, तरी मला तेथे प्रार्थनेची जवळीक अधिक वाटली. स्कॉटिश सिंफनीच्या शेवटी मात्र पुन्हा तीच अडचण येते : सारे काळोखाकडे झुकत असताना एकाएकी एक ठसठशीत, स्तोत्रासारखी सुरावट उजळपणे प्रवेश करते. ऑटो क्लेम्पेरर या विख्यात संचालकाला हा शेवट इतका खटकला की त्याने स्वतःचा निराळा शेवट लिहिला. इतके धाडस मला पटत नाही. पण त्याला काय खटकले ते कळते.

१८३५ पासून फेलिक्स लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख होता. त्याच वर्षी पिता वारला. १८३७ मध्ये फ्रेंच रिफॉर्म्ड पाळकाची कन्या सेसिल जाँरनो हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली. १८३९ मध्ये शूबर्टची कोणी न ऐकलेली थोर सिंफनी त्याने प्रथम लोकांपुढे आणली. १८४३ मध्ये संगीत विद्यालय स्थापन केले. कामाचा हा डोंगर पाहिला की त्याच्या अल्पायुष्याचे कारण निराळे शोधावे लागत नाही.

गुटेनबर्ग उत्सवातच, २५ जून १८४० रोजी, बाख जेथे सेवा करीत असे त्या थॉमस चर्चमध्ये ‘लोबगेसांग’, म्हणजे स्तुतिगान, प्रथम सादर झाले. विश्वासांगीकाराचीच ही तारीख. तीन भाग केवळ वाद्यांचे आणि त्यानंतर शास्त्रवचनांचे गायन, अशी ही सिंफनी आहे. हयातीत तिचे फार कौतुक झाले. पुढे बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीशी तिची तुलना होऊन ती फिकी ठरली. तीन ट्रॉम्बोन्सची आरंभीची घोषणा भव्य आहे. तिचे वारंवार येणे थकवते. परंतु पहिल्या प्रयोगानंतर त्याने एक नवा प्रसंग तीत घातला. रात्र सरली का, असे एकटा गायक पहारेकऱ्याला तीनदा विचारतो, दर वेळी स्वर वर चढतो. मग एक स्त्रीस्वर रात्र सरल्याचे सांगतो. येथे विजय उसना वाटत नाही, कारण त्याआधी रात्र खरोखर होऊन गेलेली असते.

२६ ऑगस्ट १८४६ रोजी बर्मिंगहॅम येथे ‘एलीया’ने अपूर्व यश मिळवले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात थोरली बहीण फॅनी अकस्मात वारली. तीही उत्तम रचनाकार होती, आणि फेलिक्सची पहिली व सर्वांत जाणती समीक्षक. तो या धक्क्यातून सावरला नाही. ४ नोव्हेंबर १८४७ रोजी, अडतिसाव्या वर्षी, लाइपझिग येथे त्याचा अंत झाला. बर्लिनमध्ये तो फॅनीशेजारी विसावला आहे, आणि त्याच्या थडग्यावर क्रूस आहे.

त्या क्रूसाची पर्वा पुढे अनेकांनी केली नाही. १८५० मध्ये वाग्नरने टोपणनावाने लिहिलेल्या लेखात, यहूदी असल्यामुळे मेंडेल्सनचे संगीत अंतःकरणाला भिडू शकत नाही, असा विखारी सिद्धान्त मांडला. गेवांडहाउससमोरचा त्याचा पुतळा नाझींनी नोव्हेंबर १९३६ मध्ये हटवला. निषेध म्हणून नगराध्यक्ष कार्ल ग्योर्डेलर याने पद सोडले. हिटलरविरोधी कटाबद्दल त्याला १९४५ मध्ये फाशी झाली. पुतळ्याची प्रतिकृती २००८ मध्ये थॉमस चर्चजवळ उभी राहिली. म्हणून या सिंफनींतील दोष सांगताना जीभ जरा अडखळते. वाग्नरच्या लेखाची सावली आपल्या वाक्यांवर पडू नये असे वाटते. दोष आहेत ते एका तरुणाच्या घाईचे आणि बाखवरील अतिप्रेमाचे. रक्ताचा त्यांच्याशी संबंध नाही.

धर्मसुधारणेच्या सिंफनीविषयी एक गोष्ट मला अलीकडेच कळली. विलापाचा भाग आणि ल्यूथरचे गीत यांच्यामध्ये फेलिक्सने मुळात आणखी एक दुवा लिहिला होता. त्यात बासरी एकटीच, चाचपडत, मध्येच थांबत, पुढे सरकते आणि मग त्या गीतापाशी पोहोचते. १८३२ च्या प्रयोगापूर्वी त्याने तो कापून टाकला. आधुनिक संपादित आवृत्तीत तो पुन्हा छापला गेला आहे आणि काही वाद्यवृंद तो वाजवतात. तसा प्रयोग ऐकला, तेव्हा शेवटची गर्जना जेवढी होती तेवढीच राहिली. पण बासरी तेथवर कोठून आली, हे प्रथमच कळले.