राज्यघटना हातात असलेला राष्ट्राध्यक्ष

१२ नोव्हेंबर १९६९. चीनमधल्या कायफेंग शहरात, एका बंदिस्त इमारतीत एका वृद्ध कैद्याने पहाटे प्राण सोडला. दहनाच्या कागदावर खोटे नाव लिहिले गेले आणि व्यवसायाच्या रकान्यात बेकार. हा बेकार माणूस जेमतेम वर्षापूर्वीपर्यंत, निदान कागदोपत्री, चीनचा राष्ट्राध्यक्ष होता. त्यांचे नाव लिऊ शाओची.

लिऊंचा जन्म १८९८ चा. माओंच्याच हूनान प्रांतातला. १९२१ मध्ये मॉस्कोत शिकत असताना ते पक्षात आले. परतल्यावर अन्युआनच्या खाणमजुरांचा संप त्यांनी यशस्वी केला. पक्षापुढे कार्यकर्त्याने आपले मीपण विसरावे, ही त्यांची शिकवण. १९३९ मध्ये त्यांनी ती पुस्तकरूपाने मांडली आणि हजारो कार्यकर्ते त्यावर घडले.

१९५४ मध्ये चीनच्या पहिल्या संसदेपुढे राज्यघटनेचा मसुदा लिऊंनीच मांडला. सर्वोच्च सत्ता संसदेची. राष्ट्राध्यक्षाला निवडणार ती आणि काढणारही तीच, असे त्यात होते. प्रत्यक्षात नावे आधी पक्षात ठरत, संसदेत फक्त शिक्कामोर्तब होई. लिऊंना त्यात वावगे वाटले नाही. १९५९ मध्ये ते स्वतः याच वाटेने राष्ट्राध्यक्ष झाले.

त्याच सुमारास देशात भीषण दुष्काळ पडला. १९६१ मध्ये लिऊ आपल्या गावी गेले, लोकांची उपासमार डोळ्यांनी पाहिली. पुढच्या वर्षी पक्षाच्या सात हजार कार्यकर्त्यांसमोर त्यांनी या संकटाचा दोष निसर्गापेक्षा माणसांच्या चुकांना अधिक दिला. माओंशी त्यांचे अंतर वाढत गेले.

१९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. पुढच्या वर्षी जमावाने लिऊंना त्यांच्या निवासस्थानाच्या आवारातच मारहाण केली. तेव्हा राज्यघटनेची प्रत हातात धरून त्यांनी आपल्या पदाची आठवण करून दिली, असे सांगतात. उपयोग झाला नाही. पत्नी वांग ग्वांगमेई यांनी सुमारे बारा वर्षे तुरुंगात काढली. ऑक्टोबर १९६८ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने लिऊंना पक्षातून आणि सर्व पदांवरून काढून टाकले. संसदेला कोणी विचारले नाही. १९६५ च्या जानेवारीनंतर ती भरलीच नव्हती. पुन्हा भरली ती थेट १९७५ मध्ये, आणि तेव्हा तिने राष्ट्राध्यक्षपदच रद्द केले.

फेब्रुवारी १९८० मध्ये लिऊ निर्दोष ठरले. वांग ग्वांगमेईंच्या हाती अस्थी आल्या, त्या समुद्रात विसर्जित झाल्या. त्यांना निर्दोष ठरवले तेही पक्षाच्या केंद्रीय समितीनेच. ज्या संसदेने त्यांना दोनदा निवडून दिले होते, तिचा शब्द ना शिक्षेच्या वेळी लागला, ना न्यायाच्या वेळी.