थिओडोर फोंटाने : समीक्षकाच्या आसनावरून कादंबरीकडे

एकोणिसाव्या शतकातील जर्मन वास्तववादी कादंबरीचा विचार थिओडोर फोंटाने (१८१९–१८९८) यांना वगळून करता येत नाही. तथापि त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी वयाची ५८ वर्षे पूर्ण केली होती. हा विलंब केवळ परिस्थितिजन्य मानावा, की त्यांच्या कलेच्या घडणीचा भाग समजावा, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

फोंटाने यांचा जन्म नॉयरुपिन येथे ह्यूगनॉट वंशाच्या कुटुंबात झाला. वडिलांप्रमाणेच त्यांनी औषधविक्रेत्याचा व्यवसाय पत्करला. १८४९मध्ये तो सोडून ते लेखणीवर विसंबले. लंडनमधील वार्ताहरकी, ब्रांडेनबुर्ग प्रांताची प्रवासवर्णने आणि प्रशियाच्या युद्धांचे इतिहास यांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. १८७०मध्ये युद्धभूमीची पाहणी करीत असता हेरगिरीच्या संशयावरून त्यांना फ्रान्समध्ये कैदही झाली.

त्याच वर्षी ते 'व्होसिशे त्साइटुंग' या बर्लिनच्या वृत्तपत्राचे नाट्यसमीक्षक झाले व सुमारे दोन दशके त्यांनी हे काम केले. १८७६मध्ये कला अकादमीचे चिटणीसपद त्यांना लाभले. परंतु काही महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला. निश्चित वेतनाची ही नोकरी सोडणे पत्नी एमिली यांना मुळीच रुचले नाही. या निर्णयानंतर दोनच वर्षांनी, १८७८मध्ये, 'फोर डेम श्टुर्म' ही कादंबरी प्रकाशित झाली. फोंटाने यांनी सुरक्षितता देऊन लेखनाचा अवकाश मिळविला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

रंगभूमीच्या दीर्घ सहवासाचा ठसा त्यांच्या कादंबऱ्यांवर स्पष्ट दिसतो. त्यांत घटनांपेक्षा संवादांना प्राधान्य आहे. 'एफी ब्रीस्ट'मध्ये पत्नीचे जुने प्रेमप्रकरण उघडकीस आल्यावर इन्श्टेटेन द्वंद्वयुद्धाचा निर्णय घेतो, तो मित्राशी झालेल्या संभाषणातून. मनात द्वेष नसतानाही तो प्रतिष्ठेच्या संकेतापुढे मान तुकवतो. येथे समाजाची सत्ता निवेदक सांगत नाही. ती पात्राच्या युक्तिवादातूनच प्रकट होते.

मात्र फोंटाने यांची समीक्षा गतानुगतिक नव्हती. १८८९मध्ये तरुण गेर्हार्ट हाउप्टमान यांच्या पहिल्या नाटकाने बर्लिनमध्ये गदारोळ उडविला, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावरील या समीक्षकाने त्याचे स्वागत केले. स्वतःची कला निराळ्या वळणाची असूनही नव्याची सत्यता त्यांनी ओळखली.

२० सप्टेंबर १८९८ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या बाबतीत समीक्षा हा सर्जनातील अडथळा नव्हता. ती त्याची प्रदीर्घ पूर्वतयारी होती, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.