सर पॅट्रिक गेडिस आणि इंदूरची दिवाळी

इंदूरच्या घडणीस ज्या परकीयांचा हातभार लागला, त्यांत सर पॅट्रिक गेडिस यांचे स्थान आगळे आहे. २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये त्यांचा जन्म झाला. पेशाने ते वनस्पतिशास्त्रज्ञ. परंतु विवाहानंतर एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत त्यांनी सपत्नीक बिऱ्हाड केले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून ती वस्ती सुधारली. नगर सुधारावे ते रहिवाशांच्याच हातांनी, ही त्यांची धारणा तेथेच दृढ झाली.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगर-प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरीही नवे साहित्य जमवून त्यांनी मद्रासला प्रदर्शन भरविलेच.

पुढे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने त्यांना इंदुरास पाचारण केले. नगरीत प्लेगची दहशत होती. नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा दाढीवाला साहेबच प्लेग आणतो, असे वाटून लोक धास्तीने बाजूला सरत. ही भीती हुकमाने जाणारी नव्हती. १९१७ च्या दिवाळीसाठी गेडिस यांनी एका दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि जाहीर केले, की मिरवणूक नेहमीच्या मार्गांनी न जाता ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त असतील, त्या रस्त्यांनी जाईल. मार्ग ठरविणे असे रहिवाशांच्या हाती आले. कचरा फुकट उचलण्याची सोय झाली. सहा हजारांवर गाड्या कचरा निघाला. शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार मिरवणुकीत मानाने चालले. घाणीच्या राक्षसाचे व प्लेगच्या उंदराचे दहन झाले. घरोघरी तुळशीची रोपे गेली.

१९१८ मध्ये गेडिस यांनी दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला. सरसकट पाडापाडीऐवजी जुनी घरे राखून मोजकीच मोकळीक करावी, हे त्याचे सूत्र. अंतिम निर्णय अर्थात दरबाराचाच राहिला; त्या दिवाळीचा अधिकार एका दिवसापुरताच होता. पुढे १९१९ ते १९२४ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविले. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर प्रथम आले. गल्लीतील माणसाला विचारल्यावाचून गल्ली सुधारत नाही, हा त्या दिवाळीचा धडा मात्र प्रत्येक पिढीने नव्याने गिरवावा लागतो.