न्यायमूर्ती तेलंग आणि आयात जकातीचा वाद

गीतेचा इंग्रजी अनुवादक, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू या नात्यांनी काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव सुशिक्षित महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु विलायती कापडावरील जकात राहावी की जावी, या रूक्ष वाटणाऱ्या प्रश्नावर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी जी भूमिका घेतली, तिची आठवण फारशी कोणी काढीत नाही. वस्तुतः रामाकोना-सौंसरसारख्या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाला तेलंगांच्या चरित्रातील हेच प्रकरण सर्वांत जवळचे वाटावे.

तेलंगांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्ये मुंबईत एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. चुलते त्र्यंबकराव यांनी त्यांना दत्तक घेतले. मराठी शाळेतून ते एल्फिन्स्टन विद्यालयात आणि पुढे महाविद्यालयात गेले. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषांवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते. एम. ए. आणि कायद्याची पदवी संपादन करून १८७२ मध्ये ते उच्च न्यायालयात वकिली करू लागले. अशिलांची वर्दळ सुरू झाली, तरी त्यांचे वाचन थांबले नाही. मिल आणि इतर इंग्रज अर्थशास्त्रज्ञांचे ग्रंथ त्यांनी वकिलाच्या चिकित्सक दृष्टीने वाचले.

त्या काळी हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावर शेकडा पाच आणि सुतावर शेकडा साडेतीन जकात होती. एवढी अल्प जकातही लँकेशायरच्या कारखानदारांना सलू लागली. मुंबईत एकामागून एक गिरण्या उभ्या राहत होत्या आणि जाड्याभरड्या कापडाची बाजारपेठ हातची जाईल, अशी भीती त्यांना वाटत होती. १८७४ मध्ये मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने जकात रद्द करण्याची मागणी केली. १८७५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी आपला संघ स्थापन केला. एकीकडे मँचेस्टरचा दबाव आणि दुसरीकडे कारखान्यांसाठी येऊ घातलेला कायदा, अशा दुहेरी चिंतेतून ही संघटना आकाराला आली. बालमजुरांच्या कामाचे तास मर्यादित करण्यास याच मालकवर्गाचा विरोध होता, हेही नोंदविले पाहिजे. जकातीचा पक्ष न्याय्य होता, म्हणून तो मांडणारे सर्व निःस्वार्थी होते असे नव्हे.

जकातीच्या समर्थनार्थ सामान्यतः सांगितले जाई, की ती केवळ महसुलासाठी आहे; तिच्यामुळे देशी मालाला फारसे संरक्षण मिळतच नाही. हा बचाव सोयीचा, पण काहीसा ओशाळवाणा होता. तेलंगांनी तो मार्ग पत्करला नाही. १८७७ साली मुंबईत ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी खुला व्यापार आणि संरक्षण या दोन तत्त्वांची भारतीय दृष्टीने छाननी केली आणि संरक्षणाचा उघड पुरस्कार केला. स्वतःची गिरणी नसलेल्या एका तरुण वकिलाने गिरणीवाल्यांपेक्षा अधिक स्पष्टपणे बोलावे, हे विशेषच.

नवजात उद्योगाला काही काळ आधार देणे योग्य ठरू शकते, ही मिलने मान्य केलेली सवड त्यांनी हेरली आणि ती हिंदुस्थानच्या परिस्थितीला लावून दाखविली. खुल्या व्यापाराचा सिद्धान्त सर्वत्र सारखाच लागू पडतो, हे गृहीतच त्यांना अमान्य होते. गरीब रयतेला कापड महाग पडेल, हा प्रतिपक्षाचा आक्षेप मात्र वजनदार होता. तेलंगांच्या विचाराचा आशय असा, की आजचा हा तोटा देशात कौशल्य, भांडवल आणि नवे व्यवसाय निर्माण होण्यासाठी सोसावयाचा आहे. शेतकरी खाता येण्याजोगे धान्य बियाण्यासाठी राखून ठेवतो, तेव्हा तोही याच हिशेबाने वागत असतो. मात्र तोटा सोसणारा आणि पीक घेणारा एकच असेल, याची हमी शेतीत असते तशी कारखानदारीत नसते. या युक्तिवादातील ही उणीव लपत नाही.

त्याच १८७७ सालच्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली होती. कापसाच्या शेतांजवळच गिरणी उभारण्याचे ते साहस होते. मुंबईतील निबंधाचा विषय आणि सातपुड्याच्या पायथ्याचा कापूस यांचे नाते येथे जुळते.

तथापि सत्तेपुढे युक्तिवाद निष्प्रभ ठरला. जुलै १८७७ मध्ये पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने या जकाती रद्द कराव्यात, असा ठराव केला. देश भीषण दुष्काळातून नुकताच बाहेर पडत होता, अफगाण युद्धाचा खर्च डोक्यावर होता; तरीही मार्च १८७९ मध्ये लॉर्ड लिटन यांनी आपल्या कार्यकारी मंडळाचे बहुमत डावलून तीस नंबरपर्यंतच्या सुताच्या जाड्या कापडावरील जकात उठविली. मुंबईच्या गिरण्या विणीत होत्या ते नेमके हेच कापड. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत उरलीसुरली जकातही गेली.

त्याच वर्षी तेलंगांचा गीतेचा अनुवाद मॅक्समुल्लरच्या प्राच्य धर्मग्रंथमालेत प्रसिद्ध झाला आणि हंटर शिक्षण आयोगावर त्यांची नियुक्ती झाली. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनातही ते होते. लेसिंगच्या नाटकाचे त्यांनी मराठी भाषांतर केले. १८८९ मध्ये ते न्यायाधीश झाले, तर १८९२ मध्ये कुलगुरुपद त्यांच्याकडे आले. सामाजिक सुधारणेचा हा पुरस्कर्ता आपल्या कन्येचा विवाह मात्र अल्पवयात करून बसला आणि टीकेस पात्र झाला. घरातील वडीलधाऱ्यांपुढे त्यांचे धैर्य अपुरे पडले असावे.

१ सप्टेंबर १८९३ रोजी, अवघ्या त्रेचाळीसाव्या वर्षी, तेलंगांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी तिजोरीतील तुटीमुळे सरकारला कापडावर पुन्हा जकात बसवावी लागली. परंतु मँचेस्टरच्या समाधानासाठी देशी गिरण्यांच्या सुतावरही अंतर्गत कर लादण्यात आला. १८९६ मध्ये सूत वगळून गिरणीच्या कापडावर शेकडा साडेतीन दराने तो ठेवला गेला. हा कर रद्द करून घेण्यासाठी गिरणीमालक संघाला १९२६ सालापर्यंत झगडावे लागले.